आधी हवा, मग उष्णता: कन्व्हेयर ओव्हनमधली वीज

लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावले. आदेश मुंबईतल्या बेकऱ्यांसाठी होता, पण वसई-विरारमध्ये नव्याने धंदा मांडणाराही आता लाकडाच्या भट्टीत पैसे घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करेल. वालीव, सातिवली किंवा गोखिवऱ्याच्या एखाद्या गाळ्यात पिझ्झा बेस, टोस्ट, गार्लिक ब्रेड असा माल काढायचा असेल, तर बेल्टवर चालणारा विजेचा ओव्हन हा सोयीचा पर्याय ठरतो. माल एका टोकाला ठेवायचा, दुसऱ्या टोकाला भाजलेला उचलायचा. भट्टीवाला जे डोळ्यांनी आणि हाताच्या अंदाजाने ठरवत असे, ते इथे तारा, सेन्सर आणि रिले ठरवतात. त्यामुळे ओव्हन बंद पडला की मालकाकडे अंदाज उरत नाही आणि तो वायरमनच्या तोंडाकडे पाहतो. घाईतला वायरमन पुष्कळदा एकच उपाय करतो, तो म्हणजे मधला एखादा स्विच ‘डायरेक्ट’ करून टाकणे. या ओव्हनमधली वीज कोणत्या क्रमाने पुढे सरकते हे मालकाला माहीत असेल, तर बहुतेक बिघाड लवकर सापडतात. आणि कोणता स्विच कधीही डायरेक्ट करू द्यायचा नाही, हेही त्याला ठामपणे सांगता येते. हे ज्ञान मिस्त्रीपुरते ठेवून चालणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात उष्णतेपासून न करता हवेपासून केली पाहिजे. साध्या ओव्हनमध्ये हीटर तापतो आणि आतली हवा आपोआप गरम होत राहते. कन्व्हेयर ओव्हनमध्ये ब्लोअर ती गरम हवा ओढून घेतो आणि बेल्टच्या वर-खाली बसवलेल्या छिद्रांच्या पोकळ पट्ट्यांमधून जोराने मालावर सोडतो. मालाभोवतीचा थंड, ओलसर हवेचा थर या झोतांनी सतत उडवला जातो, म्हणून पिझ्झा काही मिनिटांत भाजून निघतो. याचा विजेच्या बाजूने अर्थ असा, की हीटर ज्या पोकळीत बसवलेला असतो ती पोकळी हवा खेळती आहे असे गृहीत धरूनच आखलेली असते. ब्लोअर थांबला आणि हीटर चालू राहिला तर उष्णता तिथेच साठते. हीटर लालबुंद होतो, आजूबाजूचा पत्रा वाकतो, तारांचे आवरण जळते आणि पट्ट्यांत साचलेले तूप-तेल पेटू शकते. म्हणून ओव्हन आखणारा आधी हवेची हमी मागतो आणि मगच हीटरला वीज देतो. यंत्राची पुढची सगळी जोडणी या एका गोष्टीभोवती फिरते.

पॅनेलमध्ये वीज तीन वाटांनी जाते. पहिली वाट हीटरची. मध्यम आकाराचा ओव्हन 18 किलोवॅटचा धरला, तर 415 व्होल्टच्या थ्री फेजवर प्रत्येक फेजमधून साधारण 25 अँपियर वाहतात. ही वीज एमसीबीतून कॉन्टॅक्टरला, म्हणजे कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचला, तिथून सॉलिड स्टेट रिलेला, म्हणजे एसएसआरला, आणि मग हीटरला जाते. दुसरी वाट मोटारींची, म्हणजे ब्लोअर, बेल्ट फिरवणारी छोटी गिअर मोटार आणि पॅनेल थंड ठेवणारा पंखा. तिसरी वाट नियंत्रणाची. ती अगदी कमी विजेवर चालते आणि तीच पहिल्या दोन वाटांना हुकूम देते. तापमान मोजायला थर्मोकपल असतो, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. तो तापला की त्यातून अगदी बारीक विद्युत दाब निर्माण होतो. ‘के’ प्रकारचा थर्मोकपल 250 अंशांना जेमतेम 10 मिलिव्होल्ट देतो. एवढ्याशा इशाऱ्यावर 18 किलोवॅट चालू-बंद होत असतात, हे ध्यानात घेतले की सैल स्क्रू, गंजलेला सांधा किंवा हीटरच्या तारेला खेटून नेलेली सेन्सरची तार किती महागात पडते ते कळते.

आता क्रम पाहू. मेन स्विच चालू केल्यावर आधी नियंत्रणाचा ट्रान्सफॉर्मर किंवा पॉवर सप्लाय जागा होतो. ब्लोअरचे बटण दाबले की ब्लोअर फिरतो. हवा खरोखर वाहते आहे याची खात्री एक स्विच करतो. काही ओव्हनमध्ये तो हवेच्या दाबावर चालतो, काहींत मोटारीच्या वेगावर. त्याने होकार दिला की वीज दरवाजाच्या स्विचकडे जाते, तिथून हाय लिमिट थर्मोस्टॅटकडे, आणि तोही बंद, म्हणजे जोडलेला, असेल तरच हीटरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढली जाते. त्यानंतर कंट्रोलर थर्मोकपलचे तापमान वाचून एसएसआरला चालू-बंद करत बसतो. हे सगळे स्विच एकामागून एक, एकाच तारेत ओवलेले असतात. त्यातला एकही उघडा राहिला की पुढे काही होत नाही. ओव्हन तापत नाही म्हणून थेट हीटर बदलायला निघणे चुकीचे ठरते ते यामुळेच. हीटर या साखळीच्या शेवटी आहे. मागच्या जागांपैकी कुठे वीज अडली ते मल्टिमीटरने क्रमाने पाहिले, तर अडलेली जागा दहा-पंधरा मिनिटांत सापडते. हे काम अर्थातच जाणकाराने करायचे. झाकण उघडलेल्या पॅनेलमध्ये 415 व्होल्ट उघडे असतात, आणि कपॅसिटर असलेल्या मोटारीत मेन बंद केल्यावरही काही काळ चार्ज राहतो. मालकाने हात घालू नये. मात्र शेजारी उभे राहून कुठे वीज आली आणि कुठे अडली ते विचारत राहावे.

या साखळीतली सर्वांत बदनाम कडी म्हणजे हाय लिमिट. नेहमीच्या थर्मोकपलशी त्याचा काही संबंध नसतो, त्याचा स्वतःचा स्वतंत्र सेन्सर असतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे उष्णता गेली की तो उघडतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा जोडला जात नाही. हा वेगळा पहारेकरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. नेहमीच्या नियंत्रणात दोन बिघाड असे होतात की ते स्वतःचा पत्ता लागू देत नाहीत. पहिला एसएसआरचा. कॉन्टॅक्टर जसा खटकन आवाज करून जोडला-सुटला जातो तसा एसएसआरमध्ये हलणारा भाग नसतो, अर्धवाहक असतो. तो जास्त तापला किंवा विजेच्या झटक्याने गेला, की बहुतेक वेळा आतल्या आत कायमचा जोडलेला राहतो. कंट्रोलर म्हणतो ‘बंद’, त्याचा दिवाही विझलेला असतो, आणि हीटर मात्र चालूच असतो. क्लॅम्प मीटरचा चिमटा हीटरच्या तारेभोवती धरला तर दिवा विझलेला असतानाही 25 अँपियर दिसतात. हा बिघाड ओळखायला याहून सोपा पुरावा नाही.

दुसरा बिघाड थर्मोकपलचा. तो तुटला तर बरेच कंट्रोलर चूक दाखवून हीटर बंद करतात, तेव्हा धोका कमी. पण बदलताना दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर ओव्हन तापेल तसे पडद्यावरचे तापमान खाली येते. कंट्रोलरला वाटते अजून थंडच आहे, आणि तो हीटरला वीज देतच राहतो. लाल तार म्हणजे पॉझिटिव्ह ही आपल्या वायरमनची सवय इथे नडते, कारण अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल तार निगेटिव्ह असते. याशिवाय हवेचा बिघाडही लपू शकतो. मोटार फिरत असते पण पंख्याचे चाक शाफ्टवर सैल होऊन घसरत असते. वेगावर चालणारा स्विच अशा वेळी होकार देतो, कारण त्याला मोटारीचा वेग कळतो, हवा कळत नाही. या तिन्ही प्रसंगी वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. काहीतरी बिनसले आहे असे सांगणारा एकटा हाय लिमिट उरतो. त्याच्या दोन टोकांना तार जोडून तो डायरेक्ट केला तर बिघाड तसाच राहतो आणि तो सांगणारा मात्र जातो.

यावर धंदा करणाऱ्यांचा आक्षेप खरा आणि अनुभवातला असतो: हाय लिमिट उगाचच ट्रिप होतो, दर आठवड्याला कोण बटण दाबत बसणार? हा आक्षेप उडवून लावता येत नाही, कारण ट्रिप होण्याचे एक निर्दोष कारण खरोखर आहे आणि ते आपल्याकडे वारंवार घडते. ऐन धंद्यात लाइट गेली की ब्लोअर क्षणात थांबतो. हीटर आणि आतला पत्रा मात्र तापलेलाच असतो. ती साठलेली उष्णता वाहून न्यायला हवा उरत नाही, पोकळीचे तापमान काही मिनिटे वरच चढते आणि हाय लिमिट उघडतो. लाइट आल्यावर सगळे चालू होते, हीटर तेवढा लागत नाही, आणि मालकाची समजूत होते की हा स्विचच खराब आहे. खरे तर त्याने आपले काम चोख केलेले असते. म्हणून नियम असा ठेवावा: लाइट गेल्यानंतर तो ट्रिप झाला असेल तर ओव्हन थोडा निवू द्यावा, बटण एकदा दाबावे, काम चालू करावे. लाइट गेलेली नसताना ट्रिप झाला, किंवा एकदा दाबल्यावर पुन्हा उघडला, तर दुसऱ्यांदा दाबू नये, मिस्त्रीला बोलवावे. प्रत्येक ट्रिपची तारीख, वेळ आणि त्या वेळी लाइट गेली होती का, एवढी एक ओळ वहीत लिहून ठेवली तरी महिन्याभरात खरा बिघाड आणि महावितरणचा खंडित पुरवठा वेगवेगळे दिसू लागतात. लिमिट स्विच स्वतःही बिघडू शकतो, हे मान्य. पण तो तपासून, त्याच तापमानाचा नवा बसवणे हा त्यावरचा उपाय आहे.

दुसरा आक्षेप घाईचा: नाताळच्या आठवड्यात केकच्या ऑर्डरी थांबलेल्या असताना दोन दिवस डायरेक्ट चालवले तर काय बिघडते? बिघडते ते असे, की दोन दिवसांसाठी लावलेली तार कोणी आठवणीने काढत नाही. ओव्हन चालतो आहे म्हटल्यावर पॅनेलचे झाकण पुढच्या बिघाडापर्यंत उघडले जात नाही, आणि तोवर ती तार तिथेच असते. घाईच्या दिवसांसाठी खरी तयारी म्हणजे एक जुळणारा एसएसआर, एक थर्मोकपल, एक लिमिट स्विच आणि कंट्रोल फ्यूज आधीच आणून ठेवणे. ओव्हनच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे.

आता वसई-विरारची वीज. इथे यंत्राला त्रास देणाऱ्या गोष्टींत व्होल्टेजचा पहिला नंबर. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. संध्याकाळी लोड वाढून 415 चे 373 झाले, म्हणजे दहा टक्के घटले, तर हीटरची ताकद 81 टक्क्यांवर येते. रिकामा ओव्हन तरीही ठरलेले तापमान गाठतो, पण बेल्ट मालाने भरला की मागे पडतो. एक फेज पूर्ण गेला तर स्टारमध्ये न्यूट्रलविना जोडलेले किंवा डेल्टात जोडलेले हीटर निम्मीच उष्णता देतात. बाहेरून दिसते ते इतकेच की माल फिका निघतो. मग कामगार बेल्टचा वेग कमी करतात, तापमानाचा आकडा वाढवतात, आणि फेज परत आला की अर्धी खेप जळते. तिन्ही तारांचा करंट क्लॅम्प मीटरने पाहिला की दोन मिनिटांत उलगडा होतो, कारण तीन आकडे जवळपास सारखे असायला हवेत. थ्री फेज ब्लोअर असेल तर आणखी एक गोम आहे. लाइनचे काम झाल्यावर किंवा जनरेटरवर बदल केल्यावर दोन फेजची अदलाबदल झाली, तर मोटार उलटी फिरते. असा ब्लोअर उलटा फिरूनही हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त बरीच कमी टाकतो. हात लावून पाहणाऱ्याला हवा येते आहे असेच वाटते. म्हणून मोटारीवरचा बाण आणि फिरण्याची दिशा जुळते का हे लाइनच्या प्रत्येक कामानंतर पाहावे, आणि पॅनेलमध्ये फेज गेल्यावर व क्रम उलटल्यावर यंत्र थांबवणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्यावा.

याहून घातक असते ते न्यूट्रल तुटणे. हीटर तीन फेजवर आणि कंट्रोल कार्ड, पंखे, दिवे सिंगल फेजवर अशी जोडणी असते. न्यूट्रल सैल झाला की वेगवेगळ्या फेजवरची ही उपकरणे आपसात 415 व्होल्ट वाटून घेतात, आणि ज्याचा लोड हलका त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. कंट्रोल कार्ड हलकेच असते, म्हणून आधी तेच जळते. खाडी आणि समुद्राच्या मधल्या या पट्ट्यात खारी दमट हवा टर्मिनल खाते. बाहेरून आलेली ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला योग्य लगाशिवाय कसली असेल तर सांधा आणखी लवकर जातो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, वीज पूर्ण बंद करून सगळे टर्मिनल कसून घ्यावेत. काळा पडलेला किंवा आवरण वितळलेला लग पुसून परत वापरू नये, कापून नवा घालावा.

पावसाळ्याचा दुसरा त्रास हीटरच्या आत असतो. पोलादी नळीतल्या हीटरच्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते आणि ती ओलावा शोषते. ओव्हन काही दिवस बंद राहिला की पहिल्याच चालू करण्यात थोडी वीज नळीकडे झिरपते आणि आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडणारा स्विच, पडतो. इथेही तोच मोह होतो: आरसीसीबी काढून टाका, ओव्हन चालेल. चालेलही. पण ती झिरपणारी वीज ओव्हनच्या पत्र्यावर येते, आणि त्याच्या पुढ्यात ओल्या फरशीवर माणूस उभा असतो. हीटर सुटा करून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने, तपासावा. रोध कमी आला तर हीटर निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे मंद उष्णतेवर वाळवून पुन्हा मोजावा, आणि तरीही सुधारला नाही तर बदलावा. अर्थिंग आयएस 3043 प्रमाणे करून घ्यावे. खाऱ्या जमिनीत अर्थचा रोध सुरुवातीला छान कमी दिसतो, पण लोखंडी पट्टी लवकर गंजते, म्हणून पहिल्या दिवशीच्या आकड्यावर विसंबून न राहता तो दरवर्षी मोजावा लागतो. जुलै 2018 च्या पुरात वसई-विरारचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला होता, हे इथल्या गाळेधारकांना सांगायला नको. आयसोलेटर, सॉकेट आणि केबलचे सांधे पाण्याच्या जुन्या खुणेच्या वर घ्यावेत. पाणी शिरलेला ओव्हन बाहेरून कोरडा दिसला तरी मेगर केल्याशिवाय चालू करू नये.

रात्री दुकान वाढवताना होणारी एक चूक बिघाडांचे मोठे कारण असते. ओव्हनचे बटण बंद केले तरी ब्लोअर आणि पॅनेलचा पंखा काही वेळ फिरत राहतात. आतली उष्णता शाफ्ट, बेअरिंग आणि कार्डापर्यंत पोचू नये म्हणून तशी सोयच केलेली असते, आणि तापमान सुरक्षित पातळीला आले की ते आपोआप थांबतात. घरी जायच्या घाईत कामगार मेन स्विच ओढतात, आणि रोज रात्री तीच उष्णता मोटारीच्या ग्रीसमध्ये आणि कार्डाच्या कपॅसिटरमध्ये शिरते. पॅनेलच्या पंख्याची जाळी मैद्याने बुजली तरी परिणाम तोच. ती जाळी दर आठवड्याला झटकावी. पत्र्याच्या गाळ्यात ओव्हन भिंतीला चिकटवून ठेवू नये, कारण मे महिन्यात त्या कोपऱ्यातली हवा आधीच तापलेली असते.

एवढे सगळे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग गॅसचाच ओव्हन घेऊ, विजेची कटकटच नको. चालवण्याचा खर्च आणि मंजूर लोड पाहता गॅस हा योग्य निर्णय असू शकतो, पण विजेपासून सुटका म्हणून तो घेऊ नये. गॅसच्या कन्व्हेयर ओव्हनमध्येही ब्लोअर, बेल्ट आणि सगळे नियंत्रण विजेवरच असते. गॅसचा व्हॉल्व्ह विजेनेच उघडतो, ठिणगी विजेनेच पडते, आणि ज्योत पेटली याची खात्री ज्योतीतून वाहणाऱ्या काही मायक्रोअँपियर करंटवरून होते. तो करंट ओव्हनच्या धातूमार्गे अर्थकडून परत येतो, त्यामुळे अर्थिंग ढिले असले की पेटलेला बर्नर काही सेकंदांत विझतो आणि दोष गॅसला दिला जातो. हवा, दरवाजा, लिमिट ही साखळी तिथेही तशीच असते. ती डायरेक्ट करण्याचा धोका तर जास्तच, कारण तिथे न पेटलेला गॅस साठू शकतो.

जुना परदेशी ओव्हन स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी नावाची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेतला बराच माल 208 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचा असतो. 208 चा हीटर आपल्या 240 वर जोडला तर तो तेहेतीस टक्के जास्त उष्णता देतो आणि लवकर जातो. 60 हर्ट्झची ब्लोअर मोटार आपल्या 50 हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरते, म्हणजे हवाही तितकीच घटते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येते, हर्ट्झ जुळत नाहीत. जास्त उष्णता आणि कमी हवा एकाच यंत्रात एकत्र आली की हाय लिमिट रोज पडणार, आणि मग कोणीतरी तो डायरेक्ट करणार.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून वायरिंगचा आराखडा, हीटरचा प्रत्येक फेजचा करंट, लिमिट स्विचचे तापमान आणि सुट्या भागांचे नंबर लेखी घ्यावेत. आराखडा पॅनेलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो आणि उष्णतेने दोन-तीन वर्षांत करपतो, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवावा. ओव्हन नवा असतानाच तिन्ही फेजचे करंट, थंड अवस्थेपासून ठरलेल्या तापमानाला लागणारा वेळ आणि बेल्टवर खूण करून स्टॉपवॉचने मोजलेला प्रवासाचा वेळ वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. बेल्टची मोटार छोटी असते, तिचा वेग सेन्सर मोजतो, पण चेन सैल झाली की पडद्यावरचे मिनिट आणि बेल्टवरचे मिनिट यांत फरक पडतो. माल करपला म्हणून तापमान उतरवण्याआधी बेल्टचा वेळ एकदा मोजून पाहावा. महावितरणकडे मंजूर लोड वाढवण्याचा अर्ज ओव्हन दारात येण्याआधी करावा, आणि जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवून त्याचा चाचणी अहवाल आराखड्यासोबत ठेवावा.